डिकीवरचा स्पॉयलर घरी काढताना: पहिल्या नटापासून शेवटच्या भोकापर्यंत

मुंबई-पुण्याकडून वापरलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार कोकणात येते, तेव्हा आधीच्या मालकाने हौसेने बसवलेला स्पॉयलर, म्हणजे मागचा पंखासारखा भाग, बऱ्याचदा डिकीवर तसाच असतो. कुणाला तो डोळ्यांत खुपतो. कुणाला त्याच्यामुळे आरशातून मागचा रस्ता दिसत नाही. कुणाला त्याच्या पायाशी रंगाखाली गंजाचे फुगे दिसायला लागलेले असतात. काढायचं काम तसं सोपं आहे. पाना धरता येणाऱ्या दोन माणसांना दोन-तीन तास पुरतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. स्पॉयलर उतरला की डिकीच्या पत्र्यात दोनपासून सहापर्यंत भोकं उघडी पडतात. आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि बाकीचे आठ महिने खारी हवा. अशा ठिकाणी आठवडाभर उघडं राहिलेलं भोक पुढे डेंटर-पेंटरचं बिल होऊन समोर येतं. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. भोकं कशी बुजवणार ते आधी ठरवा, सामान घरात आणून ठेवा आणि मगच पहिल्या नटाला पाना लावा.

काढावा का, हे आधी

बाजारातून आणून बसवलेला किंवा कंपनीने निव्वळ सजावटीसाठी दिलेला स्पॉयलर बेलाशक काढा. पण गाडीच्या रचनेचाच भाग असलेल्या स्पॉयलरला हात लावू नका. ऑडी टीटीचं उदाहरण जगजाहीर आहे. १९९८ साली आलेल्या या गाडीची मागची बाजू गुळगुळीत, विनास्पॉयलर होती. जर्मनीच्या ऑटोबानवर मोठ्या वेगात मागची चाकं हलकी होऊन अपघात झाले. मग कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून छोटा स्पॉयलर आणि ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) बसवून दिलं. १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएसची बदकाच्या शेपटीसारखी मागची बाजू इंजिनाच्या झाकणातच घडवलेली आहे, तिथे काढण्यासारखं वेगळं काही नाहीच. पोर्शेच्याच बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीत स्पॉयलर ताशी १२० किलोमीटरला आपोआप वर येतो. असा मोटरवर चालणारा स्पॉयलर काढला तर डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा कायमचा पेटून राहतो. कशेडी किंवा परशुराम घाटात ४० च्या वेगाने वळणं घेताना स्पॉयलर असला काय, नसला काय, सारखंच. पण तीच गाडी पुढे ट्रॅकवर किंवा एक्सप्रेसवेवर पळणार असेल, तर मूळ गाडीला कंपनीने दिलेला भाग जागेवर राहू द्या.

कशाने धरलाय ते ओळखा

डिकी उघडा आणि झाकणाच्या आतलं अस्तर एका कोपऱ्यातून सैल करून टॉर्च मारा. पायांच्या बरोबर खाली नट दिसले तर स्पॉयलर बोल्टचा. बहुतेक वेळा हे एम-६ मापाचे नट असतात, म्हणजे त्यांना १० नंबरचा सॉकेट लागतो. जर्मन गाड्यांत काही ठिकाणी टॉर्क्स डोक्याचे बोल्ट असतात, त्यासाठी टी-२० ते टी-३० चे बिट हाताशी असू द्या. आत काहीच दिसलं नाही आणि स्पॉयलर म्हणजे झाकणाच्या कडेला चिकटलेली अरुंद पट्टी असेल, तर तो निव्वळ दुहेरी चिकटपट्टीवर आहे. त्यात भोकांची कटकट नाही.

फसवतो तो तिसरा प्रकार: टोकांना बोल्ट आणि मधे चिकटपट्टी. नट निघाले, तरी स्पॉयलर जागचा हलत नाही. मग माणूस वैतागून पेचकस घालतो आणि रंगाचा पोपडा काढतो. हे टाळायला जाडसर लग्नपत्रिका किंवा जुनं एटीएम कार्ड स्पॉयलरखालून सरकवून पाहा. अडेल तिथे एक तर गॅस्केट (पायाखालची रबरी चकती) आहे किंवा चिकटपट्टी. दोन्ही टोकांकडून तपासून मास्किंग टेपवर पेनाने खुणा करून ठेवा.

स्पॉयलरमध्ये ब्रेकलाइट आहे का, हेही आताच पाहा. हॅचबॅकसारखं काचेचं झाकण असेल तर काचेवर पाणी मारणारी नळी किंवा अँटेनाची वायरही त्यातूनच गेलेली असू शकते.

सामान

१० नंबरचा लांब सॉकेट घ्या. आखूड सॉकेट चालत नाही, कारण स्टड (स्पॉयलरमध्येच रुतवलेला, आट्यांचा बिनडोक्याचा बोल्ट) नटाच्या बाहेर दोन-अडीच सेंटिमीटर आलेला असतो आणि सॉकेट नटापर्यंत पोहोचतच नाही. पाव इंची रॅचेट, १५० मिमीचं एक्स्टेंशन, अस्तराच्या क्लिपा काढायचं प्लॅस्टिकचं हत्यार, मास्किंग टेपचं एक बंडल, गंज सैल करणारा स्प्रे, हेअर ड्रायर, अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मायक्रोफायबरची चार-पाच फडकी. अस्तराच्या पाच-सहा क्लिपा जास्तीच्या आणा. जुन्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात, एक-दोन तुटतातच.

चिकटपट्टी कापायला बाजारातल्या महागड्या तारेची गरज नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत कुठल्याही बंदराजवळच्या दुकानात मिळणारी ०.८ मिमीची तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) चार मीटर घ्या. तिचे तुकडे करून दोन्ही टोकांना लाकडाचे ठोकळे बांधले की झाली करवत.

भोकांसाठी रबरी ग्रॉमेट (कडेला खाच असलेली बुचं), इपॉक्सी किंवा झिंक प्रायमरची छोटी डबी, गाडीच्या कलर कोडचा टच-अप रंग, बारीक ब्रश, १२०, २४० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर आणि सीलंटची एक ट्यूब लागेल. सीलंट निवडताना नाक वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि पत्र्याला आतून गंज चढवतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन किंवा गाडीचं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट मागा. खिडकीची काच बसवताना उरलेली ट्यूब चालेल, असं हार्डवेअरवाला म्हणेल. त्यावर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

दिवस आणि जागा

नोव्हेंबर ते मार्चमधला कोरडा दिवस धरा. सकाळी लवकर सुरुवात करा. दुपारनंतर खारे वारे सुटले की धूळ आणि मीठ दोन्ही उघड्या पत्र्यावर येऊन बसतात. गाडी खळ्यात, म्हणजे अंगणात, सावलीला लावा. फक्त चिकटपट्टी सोडवायच्या वेळी तासभर उन्हात ठेवली तर ड्रायरचं अर्धं काम ऊनच करतं. नारळाखाली मात्र लावू नका, कारण सांगायला नको.

सुरुवातीला डिकी, पायांच्या फटी आणि काचेची खालची कड भरपूर पाण्याने धुऊन घ्या. जांभ्याची तांबडी धूळ गॅस्केटच्या कडेला घट्ट बसलेली असते. ती तशीच ठेवून स्पॉयलर हलवला तर तीच पॉलिश पेपरचं काम करते. धुऊन, पुसून झालं की पायांच्या चारी बाजूंनी मास्किंग टेपचे दोन थर लावा.

वायर आणि बॅटरी

ब्रेकलाइट असेल तर चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. इथे एक सापळा आहे. बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांत बॅटरी डिकीतच असते आणि डिकीचं कुलूप विजेवर चालतं. वायर सोडून चुकून झाकण लावलं, तर बॅटरी आत आणि आपण बाहेर. म्हणून काम संपेपर्यंत कुलपाच्या तोंडात फडकं कोंबून ठेवा.

अस्तराच्या क्लिपेची मधली खिळी आधी वर ओढा आणि मग क्लिप काढा. सगळं एकदम उपटलं तर अस्तरातलं भोक फाटतं. ब्रेकलाइटचा कनेक्टर सोडा आणि त्याला हातभर सुतळी बांधा. वायर बाहेर ओढली की सुतळी तिच्या जागी आत राहते. कधी पुन्हा वायर घालायची वेळ आली तर दोन थरांच्या झाकणात चाचपडत बसावं लागत नाही.

नट

घाई केली तर इथेच नडते. समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत राहिलेल्या गाडीचे नट स्टडवर गंजून बसलेले असणार, हे धरूनच चाला. आटे बाहेर दिसत असतील ते तारेच्या ब्रशने साफ करा, स्प्रे मारा आणि किमान २० मिनिटं थांबा. गंज जुना असेल तर संध्याकाळी स्प्रे मारून रात्रभर ठेवा.

आता नट पाव फेरा सोडवा, पुन्हा थोडा आवळा, परत सोडवा. असं पुढे-मागे केल्याने आट्यांतला गंज चुरा होऊन बाहेर पडतो. सरळ एका दमात ओढलं तर तोच चुरा आट्यांत अडकतो आणि स्टड तुटतो किंवा त्याहून वाईट म्हणजे स्टड स्पॉयलरच्या प्लॅस्टिकमधून सुटून नटाबरोबर गोल फिरायला लागतो. इम्पॅक्ट गन वापरू नका. एम-६ चा नट मुळात ५ ते ८ न्यूटन मीटरइतकाच आवळलेला असतो. मनगटाच्या जोराने न सुटणारा नट गंजलेला आहे असं समजा आणि आणखी थांबा.

नट काढण्याआधी झाकणाच्या पोकळीत जिथे जिथे फट आहे तिथे फडकी कोंबा. झाकण दोन पत्र्यांचं असतं. आत पडलेला नट महिनोन्‌महिने खुळखुळत राहतो. सॉकेटच्या आत ग्रीसचा ठिपका लावला तर नट चिकटून बाहेर येतो. चुंबकाच्या काडीवर फार विसंबू नका. कुणी आधी स्टेनलेस स्टीलचे नट लावले असतील तर बहुतेक वेळा ते चुंबकाला दाद देत नाहीत.

सगळे नट आधी नुसते सैल करा. मधले पूर्ण काढा, टोकांचे दोन शेवटी ठेवा. ते काढताना मदतनिसाने बाहेरून स्पॉयलर दोन्ही हातांनी धरलेला असावा.

स्टड नटाबरोबर फिरायला लागला तर मदतनिसाला स्पॉयलर किंचित वर उचलून धरायला सांगा. ताण आला की बऱ्याचदा स्टड प्लॅस्टिकमध्ये अडकतो आणि नट सुटतो. तरीही फिरला तर नट फोडायचं हत्यार वापरा. तेही शिरत नसेल तर हॅकसॉची नुसती पात पायाखालच्या फटीत घालून स्टड कापा. पातीची एक बाजू टेपने झाका, ती बाजू गाडीकडे ठेवा. स्पॉयलर परत वापरायचा नसेल तर हा उपाय सर्वांत कमी त्रासाचा. ग्राइंडर मात्र आणू नका. त्याच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण. ते रंगात आणि काचेत रुततात आणि पंधरा दिवसांत सगळ्या डिकीवर तांबडे ठिपके उमटतात.

चिकटपट्टी आणि उचलणं

हेअर ड्रायर १५ ते २० सेंटिमीटरवर धरा आणि एका जागी न थांबता फिरवत राहा. एकेका पायाला दीड-दोन मिनिटं पुरतात. पत्र्यावर हात दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेववत नाही, इतपत गरम हवं, म्हणजे साधारण ५० ते ६० अंश. रंग काढायची हीट गन कुणी आणून दिली तरी नको. क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) फोड येतात आणि एबीएस प्लॅस्टिकचा स्पॉयलर वाकतो.

तंगूस फटीत घालून दोघांनी दोन बाजूंनी करवतीसारखी ओढा. ती पत्र्याला समांतर ठेवा, पण जोर स्पॉयलरच्या बाजूला असू द्या. चिकटपट्टीतला स्पंजासारखा फेस कापला गेला की हाताला कळतं, तंगूस एकदम सैल चालते. घर्षणाने ती तापून तुटते, तेव्हा नवा तुकडा घ्या. चिकटपट्टी पुन्हा थंड झाली असेल तर परत ऊब द्या, जोर वाढवू नका.

सुटला की दोघांनी एका तालात सरळ वर उचला. स्टड दोन-तीन सेंटिमीटर लांब असतात. स्पॉयलर तिरपा झाला की त्यांची टोकं भोकातून निघता निघता रंगावर ओरखडा काढतात. इथवर सगळं नीट झालेल्या गाडीवर हमखास पडणारा ओरखडा तो हाच. खाली गोधडी आधीच पसरून ठेवा.

गोंद काढणं

उरलेली फेसाची पट्टी अंगठ्याने गोल गोल चोळा, ती वळ्या होऊन सुटते. ड्रिलला लावायचं रबरी चाक मिळालं तर उत्तमच. कमी वेगाने, सतत हलवत फिरवा. पातळ थर अल्कोहोलने पुसा. घरात रॉकेल असेल तर तेही चालतं, पण त्याचा तेलकट थर राहतो, म्हणून नंतर शाम्पूने धुवावं लागतं. थिनर वापरू नका. गाडी कधी गॅरेजमध्ये रंगवलेली असेल तर तिथला रंग थिनरने मऊ पडतो आणि तो कंपनीचाच आहे याची खात्री आपल्याला नसते. पेट्रोलही नको. पडवीत शेगडी किंवा देव्हाऱ्यातला दिवा जवळ असतो, हे कामाच्या नादात विसरायला होतं.

पाय होते तिथे आता गडद ठसे दिसतील. बाकीचा रंग उन्हाने फिका झालाय, झाकलेला तसाच ताजा आहे. लाल गाडीवर हे फार उठून दिसतं. क्ले बार (रंगावरची घाण ओढून घेणारी चिकणमातीसारखी वडी), मग कंपाउंड, मग पॉलिश, अशा क्रमाने आजूबाजूचा भाग उजळवला तर फरक बराच कमी होतो, पूर्ण जाईलच असं नाही. क्लिअर कोट जेमतेम ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो, तेव्हा पॉलिश पेपर घेऊन बसू नका.

भोकं

प्रत्येक भोक व्हर्नियरने मोजा. एम-६ स्टडची भोकं साधारण ७ ते १० मिमीची असतात, वायरचं भोक २० मिमीच्या पुढे. कधी जागा धरायच्या खुंटीसाठी लंबगोल भोकही असतं. ग्रॉमेट घेताना त्याच्या टोपीचा नव्हे, खाचेचा व्यास भोकाशी जुळवा.

भोकाच्या कडेला नुसती तांबूस पूड असेल तर १२०, मग २४०, मग ४०० चा पेपर पेन्सिलीला गुंडाळून आतून फिरवा. चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. रंगाखाली फुगे पसरले असतील तर ते संपेपर्यंत खरवडा. मनाला पटेल तिथे न थांबता गंज संपेल तिथे थांबा. पितळी भांडी आमसुलाने उजळतात म्हणून कुणी पत्र्यालाही तेच लावायला सांगेल. आम्लाने गंज निघतो खरा, पण ते फटीत राहिलं की पुढचा गंज तिथूनच धरतो. फॉस्फोरिक ॲसिडचा रस्ट कन्व्हर्टर वापरायचा तरी डबीवर लिहिल्याप्रमाणेच वापरा आणि पुढच्या हातापूर्वी पत्रा खडखडीत वाळू द्या.

मग प्रायमरचे दोन पातळ हात, कडेच्या जाडीवर आणि आतल्या बाजूलासुद्धा. त्यावर टच-अप रंगाचे दोन हात. दोन हातांत अर्धा तास तरी जाऊ द्या आणि शेवटी पूर्ण २४ तास थांबा. दमट हवेत ३६ तास धरा. रंग ओला असताना ग्रॉमेट दाबलं तर तो कडेवरून खरवडला जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. ग्रॉमेटच्या खाचेत सीलंटचा पातळ वळसा द्या, आतून ओढून बसवा आणि बाहेर आलेलं सीलंट लगेच पुसा. आतल्या बाजूला कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण) मारलं तर दोन पावसाळ्यांची बेगमी होते.

ग्रॉमेट दिसायला नको असतील तर डेंटर-पेंटरकडे आतून पत्र्याचा तुकडा जोडून, वर लांबी (पुटी) भरून झाकण रंगवून घ्यावं लागतं. ‘नुसती लांबी भरून देतो’ असं म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. मागे आधार नसलेली लांबी डिकी आपटून आपटून तडकते, तडीतून पाणी शोषते आणि पहिल्याच पावसाळ्यात गोल चकती होऊन निघते. झाकण ॲल्युमिनियमचं आहे का, ते आधी चुंबक लावून पाहा. असेल तर साध्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. तिथे ॲल्युमिनियमचं काम जमणारा माणूस हवा आणि लोखंडाला वापरलेला ब्रश त्यावर फिरता कामा नये. अशा झाकणाला राहिलेला स्टीलचा बोल्ट खाऱ्या दमट हवेत आजूबाजूचं ॲल्युमिनियम पांढरी पूड करून खातो, म्हणून वापरात नसलेला एकही बोल्ट मागे ठेवू नका.

तपासणी

अस्तर लावण्याआधी झाकणाच्या आत भोकांखाली टिश्यू पेपर चिकटवा, डिकी बंद करा आणि बागेच्या झारीने दहा मिनिटं पाणी घाला. प्रेशर वॉशर नको, नव्या सीलंटवर तो जास्तच कठोर परीक्षा घेतो. टिश्यूवर ओला ठिपका दिसला तर ते भोक पुन्हा करा.

झाकण उघडताना पहिल्या वेळी तोंड लांब ठेवा. स्पॉयलरचं वजन गेलं की गॅसच्या दांड्या किंवा टॉर्शन बार (पिळाच्या ताणाने झाकण उचलणारी सळई) झाकण पूर्वीपेक्षा जोरात वर फेकतात. टॉर्शन बारला बहुधा एक खाच कमी करता येते. दांड्या कुणी जड स्पॉयलरसाठी बदललेल्या असतील तर कंपनीच्या मूळ ताकदीच्या परत लावा.

मधला तिसरा ब्रेकलाइट स्पॉयलरमध्येच होता आणि गाडीत तो दुसरीकडे कुठे नसेल, तर मागच्या काचेच्या आत एलईडीची पट्टी लावून त्याच वायरीवर जोडा. नव्या गाड्या दिव्याचा भार मोजतात. एलईडीचा भार कमी पडला तर दिवा गेल्याचा इशारा येतो, तेव्हा जोडीला रेझिस्टर लागतो. तो गरम होतो, म्हणून अस्तराला न चिकटवता पत्र्याला लावा.

उतरवलेला स्पॉयलर फेकू नका, गाडी विकताना मागणारा भेटतो. नट एका पिशवीत घालून त्यालाच बांधा. मात्र पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर तो टाकू नका. मे महिन्यात तिथे प्लॅस्टिक वाकतं आणि पुन्हा कुठल्याच डिकीवर नीट बसत नाही. पायांवर उभा करून घरातल्या पलंगाखाली ठेवा. जूनमधला पहिला मोठा पाऊस पडून गेला की अस्तराचा कोपरा सैल करून ग्रॉमेटभोवती एकदा बोट फिरवा.